चिठ्ठी दिली, पुढे काय? वस्तीतल्या मुलांसाठीचा कार्यक्रम आतून चालतो कसा

संस्थेची वार्षिक सभा असो, कंपनीची सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या खर्चाची) बैठक असो की इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या एखाद्या मंडळाने देणगी देण्याआधी ठेवलेलं चहापान, पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘मुलं किती?’ समोरचा माणूस आकडा सांगतो, माना डोलतात, पोहे येतात. भंडाऱ्यात पानं मोजावीत तशी मुलं मोजून होतात.

वस्तीतल्या किशोरवयीन मुलामुलींचं आरोग्य सुधारावं, शाळा टिकावी, चार पैसे मिळवण्याजोगं काही हातात यावं म्हणून इंदूरमध्ये बरेच कार्यक्रम चालतात. त्यांना पैसे देणारे, आठवड्यातून एक दिवस शिकवायला जाणारे, कार्यकारिणीत बसणारे मराठी लोक या शहरात कमी नाहीत. तरीही असा कार्यक्रम सांभाळणारा माणूस दिवसभर नेमकं काय करतो हे त्यांच्यातल्या अनेकांना माहीत नसतं. त्यांना वाटतं, तो सत्रं घेतो आणि अहवाल लिहितो. ते तर तो करतोच. पण त्याचं मुख्य काम दुसरंच आहे. एखाद्या मुलीची अडचण कुणाच्या तरी लक्षात आली, त्या क्षणापासून ती अडचण सुटेपर्यंत मध्ये जो लांबलचक रस्ता असतो, त्यावर कुणीतरी तिच्यासोबत आहे ना, हे बघणं. सत्र एका तासात संपतं. हा रस्ता कधी कधी वर्षभर चालतो, आणि बहुतेक कार्यक्रम तिथेच उघडे पडतात.

कोणासाठी

आधी वयाचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षांच्या मुलांना किशोरवयीन धरते. केंद्र सरकारचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाला, तोही याच वयोगटासाठी आहे. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय युवा धोरणात मात्र युवा म्हणजे १५ ते २९. आणि अत्याचार, देखभाल, संरक्षण यांविषयीचे कायदे १८ पूर्ण होईपर्यंत प्रत्येकाला बालकच मानतात. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. पण १७ आणि १९ वर्षांच्या दोन मुलींची अडचण एकसारखी असली तरी त्यांच्यासाठी ठोठवायची दारं वेगळी, अर्ज वेगळे आणि कार्यकर्त्याची कायदेशीर जबाबदारीही वेगळी. म्हणून नोंदणीच्या वहीत ‘अंदाजे १६’ असं लिहिणारा कार्यकर्ता पुढच्या सगळ्यांची पंचाईत करून ठेवतो.

इंदूरमध्ये ही जोखीम कुठून येते ते पाहायला थोडं मागे जावं लागतं. परदेशीपुरा, पाटनीपुरा, नंदानगर, मालवा मिल हा सगळा पट्टा एके काळी कापड गिरण्यांच्या भोंग्यावर चालायचा. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचे सुमारे २२४ कोटी रुपये सुटायला डिसेंबर २०२३ उजाडला. बत्तीस वर्षं. एवढ्या काळात घरात दोन पिढ्या बदलतात. आजोबांना पगाराची चिठ्ठी आणि भविष्यनिर्वाह निधी होता. मुलगा लोडिंग रिक्षावर गेला. नातू सामान पोहोचवतो किंवा सांवेर रोडच्या एखाद्या कारखान्यात ठेकेदाराकडे लागतो, तेही काम असेल तेव्हाच. दुसरा प्रवाह झाबुआ, आलीराजपूर, धार, बडवानी, खरगोनकडचा. ही कुटुंबं बांधकामावर राहतात, इमारत झाली की पुढच्या इमारतीवर जातात, भगोरिया आणि होळीला गावी परततात. त्यांच्या मुलांचं शाळेतलं नाव एका जिल्ह्यात आणि मूल दुसऱ्या जिल्ह्यात, असं कायम चालू असतं.

या दोन्ही घरांतल्या मुलांना आपण ‘वस्तीतली मुलं’ असं एकाच दमात म्हणून टाकतो. एका गल्लीतसुद्धा जोखीम सारखी नसते. दुपारी तीनच्या सत्राला कोण येतं? ज्यांची शाळा सकाळची आहे, ज्यांना घरून परवानगी आहे, ज्यांच्या कडेवर धाकटं भावंड नाही. म्हणजे त्या वस्तीत त्यातल्या त्यात बऱ्या स्थितीत असलेली मुलं. गॅरेजवर सकाळी नऊ ते रात्री आठ राबणारा पंधरा वर्षांचा मुलगा त्या सत्रात कधीच दिसणार नाही. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईच्या हाताखाली जाणारी मुलगीही नाही. आणि गंमत अशी की ही मुलं आली नाहीत तरी हजेरीपट भरलेलाच राहतो, कारण त्यांच्या जागी दुसरी सोपी मुलं बसलेली असतात.

म्हणून शहाणा मॅनेजर आधी घरोघरी यादी करतो आणि सत्राची वेळ नंतर ठरवतो. घर क्रमांक, मूल, जन्मतारीख, शाळेत आहे का, काम करतं का, कोणत्या वेळी घरी असतं. मध्यप्रदेशात समग्र आयडीशिवाय, म्हणजे राज्य सरकारच्या ओळख क्रमांकाशिवाय, सरकारी योजनेचं पान हलत नाही; बाहेरून आलेल्या कित्येक घरांकडे तो नसतो किंवा गावच्या पंचायतीत अडकलेला असतो. यादीत त्याचा वेगळा रकाना हवा. या सगळ्याला दोन-तीन महिने लागतात. त्या काळात दाखवायला एकही फोटो नसतो आणि देणगीदार अस्वस्थ होतात. त्यांना होऊ द्यावं.

एका गोळीची गोष्ट

किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात सहा विषय आहेत: पोषण, लैंगिक व प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, इजा आणि हिंसा, व्यसनं, आणि मधुमेह-रक्तदाबासारखे असंसर्गजन्य आजार. यादी चांगली आहे. पण आरोग्य आणि सामाजिक विकास हे दोन शब्द एकत्र का लिहितात ते यादीतून कळत नाही. त्यासाठी एकच विषय धरून तळापर्यंत जाऊ. रक्तातलं लोह घेऊ.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्ताची कमतरता आढळली. चौथ्या फेरीत हेच प्रमाण ५४.१ टक्के होतं. मुलांमध्ये ते ३१.१ टक्के. उपाय माहीत आहे, स्वस्त आहे आणि सरकार फुकट देतं: ‘अनिमिया मुक्त भारत’ या २०१८ च्या मोहिमेनुसार किशोरवयीनांना आठवड्याला एक निळी गोळी, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, आणि वर्षातून दोनदा जंताची गोळी. शाळेत जाणाऱ्यांना शाळेत, शाळा सुटलेल्या मुलींना अंगणवाडीत.

मग अडतं कुठे? मुलगी सकाळी काही न खाता शाळेत येते. रिकाम्या पोटी गोळी घेतली की मळमळतं. दुसऱ्या दिवशी शौचाला काळं होतं, आई घाबरते. लोहाने असं होतंच आणि त्याने काही बिघडत नाही, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. शेजारीण म्हणते, ही गोळी पुढे मूल होऊ नये म्हणून देतात. पुढच्या आठवड्यात मुलगी गोळी तोंडात धरते आणि मागे जाऊन थुंकते. रजिस्टरमध्ये मात्र ‘गोळी दिली’ लिहिलेलं असतं, आणि ते खोटंही नसतं.

इथे आरोग्य कुठे संपलं आणि समाज कुठे सुरू झाला ते दाखवून द्या बरं. नाश्ता न होण्यामागे आईची पहाटेची कामं आहेत. जेवणाबरोबरच्या चहामुळे लोह कमी शोषलं जातं, आणि या घरांत पोळी-चहा हेच कित्येकदा जेवण असतं. ताटावर शेवटी बसण्याचा मान मुलीचा. पाळीत जास्त रक्त जातं हे बोलायची चोरी. त्यामुळे कार्यक्रमाने स्वतः गोळ्या विकत घेऊन वाटण्यात काही अर्थ नाही. गोळ्या अंगणवाडीत पडलेल्या आहेत. कार्यक्रमाचं काम म्हणजे गोळी जेवणानंतर घ्यायला लावणं, आईची समजूत काढणं, अंगणवाडीतल्या दीदींना शाळा सुटलेल्या मुलींची नावं देणं. सरकारी व्यवस्था जिथे पोहोचत नाही तेवढं शेवटचं अंतर भरून काढणं. समांतर दवाखाना उघडणाऱ्या संस्थांचं मला फारसं कौतुक वाटत नाही. पैसे संपले की तो दवाखाना बंद होतो आणि सरकारी केंद्रात जायची सवय तर लागलेलीच नसते.

आता पुढची पायरी. तपासणीत एखाद्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आलं तर आठवड्याच्या एका गोळीने भागत नाही. तिला तीन महिने रोज दोन गोळ्या आणि दर महिन्याला तपासणी असा उपचार आहे; ८ च्या खाली असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात. समजा एका वस्तीत अशा ४० मुली सापडल्या. सगळ्यांना दवाखान्यात दाखवायची चिठ्ठी दिली. संजीवनी क्लिनिकपर्यंत, म्हणजे सरकारच्या वस्ती-दवाखान्यापर्यंत, पोहोचल्या २६. दुसऱ्या महिन्यात पुन्हा गेल्या ११. तीन महिन्यांनी तपासणी होऊन रक्त वाढल्याचं दिसलं ७ जणींचं. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, पण उतार असाच असतो. वार्षिक अहवालात यातला कोणता आकडा छापला जातो? ४०. ‘४० मुलींना आरोग्यसेवेशी जोडलं.’

७ हा आकडा लाजिरवाणा वाटतो, पण कामाचा तोच आहे. कारण त्यावरून पुढचा प्रश्न विचारता येतो: १४ जणी पहिल्याच वेळी का गेल्या नाहीत? ओपीडी सकाळची, त्या वेळी त्या कामावर. सोबत जायला आई हवी आणि आईचा खाडा म्हणजे दिवसाची मजुरी गेली. काहींना केंद्र कुठे आहे ते ठाऊक नव्हतं. एकीला तिथल्या कुणीतरी आधी एकदा सगळ्यांसमोर ‘लग्न झालंय का’ असं विचारलं होतं. प्रत्येक कारणाला उत्तर वेगळं. पहिल्याला ठरावीक दिवशी ठरावीक वेळ मागून घेणं, दुसऱ्याला कार्यकर्तीने सोबत जाणं, चौथ्याला केंद्रातल्या लोकांशी बसून बोलणं. किशोरवयीनांसाठी वेगळा कोपरा असलेली सल्ला केंद्रं याच कारणाने निघाली. आपल्या राज्यात त्यांना ‘उमंग’ म्हणतात. मुलांना तिथला रस्ता कुणीतरी पहिल्यांदा दाखवावा लागतो.

या पाठपुराव्यासाठी मॅनेजरकडे भारी सॉफ्टवेअर असायलाच हवं असं नाही. एक केस रजिस्टर लागतं: अडचण कधी लक्षात आली, कुठे पाठवलं, सोबत कोण गेलं, तिथे काय झालं, पुढची तारीख काय. आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांनी बसून फक्त उघड्या केसेस वाचायच्या. ही बैठक कंटाळवाणी असते, रद्द करायचा मोह दर आठवड्याला होतो. ज्या संस्थेत ती रद्द होत नाही, ती संस्था बहुधा चांगली चाललेली असते. आणखी एक: एका कार्यकर्तीकडे एका वेळी किती उघड्या केसेस असाव्यात याला मर्यादा ठेवावी लागते. ती ओलांडली की ती फक्त फोन करते, भेट थांबते.

भाषेचंही थोडं. आपल्या घरातून या कामात गेलेल्या ताई-दादांची हिंदी उत्तम असते, इंदूरमध्ये ती असावीच लागते. पण बांधकामावरच्या मुलीशी भिली किंवा निमाडीत दोन वाक्यं बोलणारी तिच्याच वयाची मुलगी जे काम करते ते आपल्या शुद्ध हिंदीने होत नाही. बऱ्हाणपूर-खंडव्याकडून आलेल्या एखाद्या घरात मात्र मराठीचा एक शब्द कानी पडला की खाट पुढे सरकवली जाते.

साथिया

किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात त्याच वयाच्या मुलामुलींना थोडं प्रशिक्षण देऊन ‘साथिया’ नेमतात. कल्पना नेमकी आहे. स्वप्नदोष, पाळी, प्रेमप्रकरण, सिगारेट यांविषयी मूल आधी मित्राला विचारतं, डॉक्टरला नाही. निवडताना मात्र हमखास वर्गातली हुशार, चुणचुणीत, मॅडमची लाडकी मुलगी पुढे येते. तिच्याकडे नशेसाठी पंक्चरचं सोल्यूशन हुंगणारा मुलगा कधी येईल? ज्यांच्याकडे बाकीची मुलं आपणहून जातात त्यांना शोधावं लागतं. कधी तो क्रिकेटच्या टीमचा कप्तान असतो, कधी दोनदा नापास झालेली मोठी मुलगी.

आणि साथियावर किती भार टाकायचा हे ठरवलेलं हवं. माहिती देणं, ऐकणं, ताईंपर्यंत पोहोचवणं, एवढंच. आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्या मैत्रिणीला सांभाळणं हे सोळा वर्षांच्या मुलीचं काम नव्हे. तिला दोन गोष्टी पाठ असाव्यात: कोणत्या ताईला लगेच सांगायचं, आणि ताई भेटल्या नाहीत तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा चोवीस तास चालू आहे.

गुपित किती ठेवायचं

हा भाग सगळ्यात अवघड आहे. प्रशिक्षणात मुलांना सांगतात, ‘तुमचं बोलणं आमच्यातच राहील.’ हे वाक्य जसंच्या तसं बोलू नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार १८ च्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं, तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. कळवलं नाही तर कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवलं तर एक वर्षापर्यंत. न कळवल्याची ही शिक्षा बालकाला लागू नाही, म्हणजे अल्पवयीन साथियाला ती होत नाही. मोठ्यांना मात्र सुटका नाही.

१८ च्या आतल्या मुलीची संमती कायदा धरत नाही. त्यामुळे १७ वर्षांची मुलगी आपल्याच वयाच्या मित्राविषयी विश्वासाने काही सांगते आणि कार्यकर्ती पेचात पडते. कळवलं तर मुलगी पुन्हा तोंड उघडणार नाही, वस्तीत बभ्रा होईल. कळवलं नाही तर कायदा मोडतो. या पेचातून सोपी वाट निघते असं मी म्हणणार नाही. पण तो प्रसंग आल्यावर कार्यकर्तीने एकटीने निर्णय घेऊ नये, हे नक्की ठरवता येतं. संस्थेचं लिखित बाल संरक्षण धोरण, त्यात एक जबाबदार व्यक्ती, ओळखीचा वकील, बाल कल्याण समितीशी आधीपासूनचा परिचय, हे सगळं शांत दिवसांत करून ठेवायचं असतं. आणि मुलांना पहिल्याच भेटीत खरं सांगायचं: बहुतेक गोष्टी आमच्यातच राहतील, पण कुणी तुला त्रास देत असेल किंवा तुझ्या जिवाला धोका असेल, तर आम्हाला आणखी कुणाची मदत घ्यावीच लागेल, आणि ती घेण्याआधी आम्ही तुला सांगू. हे ऐकून काही मुलं कमी बोलतात. फसवलं गेल्याची भावना मागाहून येण्यापेक्षा ते परवडलं.

बालविवाहाचंही तसंच. २००६ च्या कायद्यात लग्नासाठी मुलीला १८ आणि मुलाला २१ ही किमान वयं आहेत. पाचव्या सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी १८ च्या आत लग्न झालेल्या मध्यप्रदेशात २३.१ टक्के निघाल्या, आधी ३२.४ होत्या. घट मोठी आहे, उरलेलंही मोठं आहे. आखातीजच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास माळव्यात मांडव पडतात तेव्हा १०९८ या बालकांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन जातात, पथक पोहोचतं, बातमी छापून येते. मांडवातून लग्न थांबवण्यात शौर्य दिसतं खरं. पण पत्रिका वाटून झाल्या, उधारी झाली, की बापाला मागे फिरणं कठीण जातं आणि कित्येकदा तेच लग्न दुसऱ्या गावी उरकलं जातं. खूण बरीच आधी दिसते: आठवी-नववीनंतर मुलगी शाळेत दिसेनाशी होते. जुलैमध्ये शाळेचा हजेरीपट पाहून तिच्या घरी जाणं, हे आखातीजच्या फोनपेक्षा कितीतरी उपयोगाचं. त्याची बातमी होत नाही.

फोटोंविषयी एक कटू गोष्ट. देणगीदाराला मुलीचा चेहरा आणि तिची कहाणी हवी असते. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ देखभाल आणि संरक्षणाची गरज असलेल्या किंवा अत्याचार झालेल्या बालकाची ओळख कुठेही उघड करायला मनाई करतं. व्हॉट्सॲप ग्रुपसुद्धा त्यातून सुटत नाही. सत्राचा सामूहिक फोटोही मुलांना आणि पालकांना विचारूनच काढावा. ‘आपल्या मंडळाच्या बॅनरसह’ चार मुली उभ्या करून घेतलेला फोटो मला तरी पाहवत नाही.

पैसा आणि मार्च

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मुळे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. इंदूर-पीथमपूर पट्ट्यात कारखाने आहेत, तेव्हा हा पैसा इथल्या संस्थांना ओळखीचा आहे. त्याची चाल मात्र आर्थिक वर्षाची. करार होता होता जुलै, पहिला हप्ता ऑगस्टमध्ये, माणसं नेमेपर्यंत दिवाळी, आणि मार्चअखेर खर्च संपवायचा. कामाला उरले चार-पाच महिने. नोव्हेंबरमध्ये जिच्याशी ओळख झाली ती ताई एप्रिलमध्ये दिसत नाही. ज्या मुलांना आधीच मोठी माणसं सोडून गेली आहेत, त्यांच्यासाठी हा नुसता कर्मचारी बदल नसतो.

यावर नियमातच उपाय आहे, तो मागावा लागतो. सीएसआर नियमांत ‘चालू प्रकल्प’ असा प्रकार आहे. सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून पुढची तीन वर्षं तो चालू शकतो. कंपनीला हे ठाऊक असतं. संस्थाच संकोचाने एका वर्षाचा प्रस्ताव देतात.

दुसरं भांडण पगाराचं. परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यात २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. देशी देणगीदारांच्याही मनात पगार म्हणजे ‘वरखर्च’ हे समीकरण पक्कं बसलंय. दप्तरं दिली, शिलाई मशीन दिली, सॅनिटरी पॅड दिले, की पैसा ‘थेट मुलांपर्यंत’ गेला असं वाटतं. पण वर जो रस्ता सांगितला, घरोघरी यादी, सोबत जाणं, उघड्या केसेस, त्यात विकत घेण्यासारखी वस्तू जवळपास नाहीच. तिथे माणूस हाच कार्यक्रम आहे. त्याचा पगार, पेट्रोल, मोबाइलचं रिचार्ज, आणि सतत दुःख ऐकून तो खचला तर त्याच्याशी बोलायला कुणी. अंदाजपत्रकात शेवटची ओळ मी क्वचितच पाहिली आहे. दप्तरांची ओळ प्रत्येकात असते.

मोजायचं काय

देणगीदाराने आकडे मागू नयेत असं नाही. उलट, कार्यक्रम सुरू होण्याआधीच परिस्थिती मोजून ठेवलेली हवी, नाहीतर नंतरची सुधारणा कशाशी ताडणार? फक्त एवढं लक्षात ठेवावं की आकडे तीन जातीचे असतात. आपण काय केलं: सत्रं, चिठ्ठ्या, शिबिरं. त्याने मुलांत काय बदललं: रक्त वाढलं, मुलगी नववीत परत बसली, मुलाने सोल्यूशन सोडून तीन महिने झाले. आणि तिसरे, शहराचे व राज्याचे मोठे आकडे, बालविवाहाचं प्रमाण वगैरे. तिसऱ्या जातीच्या आकड्यांचं श्रेय कुठल्याच एका संस्थेने घेऊ नये. त्यामागे रस्ते, शाळा, छात्रवृत्ती, आईच्या हातातला पैसा, असं बरंच काही असतं.

पहिल्या जातीच्या आकड्याला उद्दिष्ट लावलं की तो फुगतो. महिन्याला ५०० मुलं हवीत म्हटलं की एकच मुलगी पोषणाच्या रजिस्टरात, जीवनकौशल्याच्या रजिस्टरात आणि संगणकाच्या वर्गात मोजली जाते, आणि तिच्या तीन मुली होतात. लबाडीच असते असं नाही, तीन कार्यकर्त्यांनी आपापली रजिस्टरं प्रामाणिकपणे भरलेली असतात. प्रत्येक मुलाला संस्थेचा एकच क्रमांक दिला की हे थांबतं. निर्देशक पाच-सहाच ठेवावेत. साठ रकान्यांचा तक्ता भरणारी कार्यकर्ती त्या दिवशी एकाही घरी जात नाही.

ही माहिती ठेवायची कशी, हाही आता कायद्याचा विषय झाला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ च्या आतल्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. कुणाची पाळी चुकली, कुणाचा बाप मारतो, ही माहिती कार्यकर्त्याच्या खासगी मोबाइलमधल्या एक्सेल फाइलमध्ये फिरत असेल तर तो फोन हरवल्यावर काय होईल याचा विचार आजच करावा.

निघताना

प्रत्येक प्रकल्प कधीतरी संपतो आणि प्रत्येक मूल कधीतरी १८ चं होतं. बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांसाठी कायद्यात पश्चात देखभालीची तरतूद आहे, साधारण २१ वर्षांपर्यंत. पण वस्तीत आपल्याच घरी राहणाऱ्या मुलासाठी तसं काही नाही. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी १०९८ त्याचा राहत नाही. म्हणून सोळाव्या-सतराव्या वर्षीच कागदपत्रं जमवायला लागावं: जन्मदाखला, समग्र, बँक खातं, मार्कशीट. आयटीआयचा अर्ज असो की नोकरी, हे चार कागद नसले की समुपदेशनाने उभी केलेली उमेद खिडकीवरच संपते.

प्रकल्प बंद करतानाही सहा महिने आधीपासून नव्या केसेस घेणं कमी करायचं असतं आणि उघड्या केसेस एकेक करून कुणाच्या तरी हवाली करायच्या असतात: काही जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे, काही आशा आणि अंगणवाडीकडे, काही दुसऱ्या संस्थेकडे, मुलांच्या आणि घरच्यांच्या संमतीने. निरोपाच्या कार्यक्रमात ट्रॉफ्या वाटून झाल्यावर ते रजिस्टर कुठल्या कपाटात जाणार, किल्ली कुणाकडे राहणार आणि त्यातल्या गोपनीय नोंदी कधी नष्ट करणार, हे समारोपाच्या बैठकीच्या इतिवृत्तात लिहिलेलं असावं. कार्यकारिणीवर तुम्ही असाल, तर त्याखालची सही तुमची असते.